फाट्यावर तू 'बस' म्हणालीस

आई, सकाळी कळंबच्या थांब्यावर एक म्हातारी लेकीला गाडीत बसवून द्यायला आली होती. पोरीच्या हातात कापडी पिशवी, डोळे सुजलेले. म्हातारी तिला मागून हलकेच लोटत म्हणाली, "बस बाई, बस." पोरगी बसली, मी डबल बेल मारली, गाडी निघाली. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. मंचरला उतरणाऱ्याला नारायणगावचं तिकीट फाडलं आणि वर त्याच्यावरच खेकसले. आता घोडेगावच्या स्टँडवर बसले आहे. डोंगरातल्या गावांची गाडी लागायला वेळ आहे, ड्रायव्हर बाकावर तोंडावर रुमाल टाकून घोरतोय, आणि मी तुला लिहायला घेतलंय. एवढ्यात चहाच्या निमित्ताने उठून आले, मग पाण्याच्या निमित्ताने. माझं बूड एका जागी टेकत नाही, हे तुला काय सांगायचं? तू गेलीस तेव्हा माझा कंडक्टरचा बिल्ला यायचा होता. आला असता तर म्हणाली असतीस, पायाला भिंगरी होती, सरकारनं चाकं लावली.

मला एकच विचारायचं आहे, पण ते विचारायला आधी तो कुत्रा आठवायला हवा. त्या थंडीत मी सासरहून निघून आले होते. नवऱ्याचा हात उठायचा, हे मी पहिल्या रात्रीच तुला सांगितलं. तू ऐकलंस, चुलीतलं लाकूड मागे ओढलंस आणि म्हणालीस, "जेव आधी." पुढे काही नाही. दादा मात्र बोलत होता. चार लोक काय म्हणतील, धाकटीचं लग्न व्हायचंय, संसारात भांड्याला भांडं लागतंच. मी दिवसभर घर ते धरण आणि धरण ते घर अशा फेऱ्या मारायचे. शेवटी तू मला बंगल्यावर न्यायला लागलीस, लसूण सोलायला. येडगाव धरणाच्या फुगवट्याला लागून रिटायर मेजरांचा तो बंगला होता आणि तू तिथे स्वयंपाक करायचीस. तुझं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. खिडकीतून पाणी, पाण्यावर थंडीची बदकं, आणि दारात आडवा पडलेला तो पिवळा कुत्रा. जाताना त्याला ओलांडावं लागायचं आणि तो मुद्दाम तेव्हाच उठायचा.

कुत्रा मेजरांच्या मुलाचा. पुण्यात फ्लॅटमध्ये वाढवला, दोन वर्षांचा होईतो गाद्या फाडल्या, म्हणून इकडे आणून सोडला. मेजर म्हणाले, "हा पाण्यातून पक्षी उचलून आणणाऱ्या जातीचा आहे आणि अंघोळीच्या बादलीला भितो." शिकार तर कधीच बंद झालेली. बंदूक कपाटात, कपाटाला कुलूप. पण लहानपणी वडिलांचे कुत्रे पाण्यात झेप घेताना त्यांनी पाहिले होते आणि एकदा तरी ते पुन्हा बघायचं होतं. त्यांचे गुडघे गेलेले. तू पोळी लाटता लाटता बोलून गेलीस की तुझे वडील शिकारीला येणाऱ्या साहेबांची कुत्री सांभाळायचे आणि तू त्यांच्यामागे पाणकणसात लपून बसायचीस. झालं, दुसऱ्या दिवसापासून कुत्रा तुझा. त्याचं इंग्रजी नाव तुझ्या जिभेवर बसेना. तू त्याला नुसतं "ए बाबा" म्हणायचीस आणि तो यायचा.

वाळलेल्या भोपळ्याला तू गोणपाट गुंडाळलंस आणि त्यात बदकांची गळालेली पिसं खोचलीस. ज्या भोपळ्यांच्या जोरावर आम्ही विहिरीत पोहायला शिकलो, त्यातलाच एक. मी तो पाण्यात भिरकवायचा, कुत्र्याने आधी बसून बघायचं, तू "आण" म्हटलंस की जायचं, आणून तुझ्या हातात द्यायचं. सांगायला सोपं. तो भोपळा हवेत असतानाच सुटायचा, आणि आणलेला भोपळा घेऊन बंगल्याला प्रदक्षिणा घालायचा. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच," असं शेजारचा मासे धरणारा म्हणायचा आणि खी खी हसायचा. पण 'बस' तो पहिल्यांदा शिकला, आणि इतकं पक्कं शिकला की पंचाईत झाली. जेवताना मेजर "बस, बस, आता भात नको" म्हणाले की हा बसला. रस्त्यावर पोरं "बस आली रे" ओरडली की हा बसला. एकदा भोपळा तोंडात धरून पोहत येत होता, काठाजवळ पाय टेकतात तेवढ्यात तो मासेवाला कुणाला तरी म्हणाला, "बस कर की राव." हा गळ्याइतक्या पाण्यात बसला. नाक वर, भोपळा तोंडात, बाकी सगळं पाण्याखाली. तू पदर तोंडाला लावून हसलीस. त्या थंडीत मी तुला तेवढंच हसताना पाहिलं. मग म्हणालीस, "माजंच चुकलं. आपल्याकडं ह्यो शब्द लई कामाचा हाय, कुतऱ्याला द्यायचा नव्हता." त्यानंतर 'बस'चं 'टेक' झालं. त्याला दोन्ही कळायचं, पण तू पुन्हा कधी त्याला 'बस' म्हणाली नाहीस. हे मी नीट आठवून लिहितेय, कारण सगळं इथंच अडलं आहे.

मला त्या 'टेक'चाही राग यायचा. भोपळा पडायचा, कुत्रा थरथरत बसून राहायचा, आणि मला माझीच आठवण यायची. एक दिवस मी म्हणालेच, "मला शिकवलंस तेच त्याला शिकवतेस. सांगितल्याबिगर हलायचं नाही." तू रागावशील असं वाटलं होतं. तू कुत्र्याच्या मानेवरचा गाळ बोटाने काढत म्हणालीस, "भ्याला म्हनून न्हाई बसत त्यो. धावणाऱ्याला पाखरू दिसतं, पडल्याली जागा दिसत न्हाई. बसल्याल्याला जागा दिसती. मंग गेला की नीट जातो." मी तेव्हा खांदे उडवले. आज तिकिटं फाडताना, घाट चढताना ते वाक्य कितीदा तरी आठवतं आणि प्रत्येक वेळी वाटतं, मी कधी एवढी बसले की जागा दिसावी?

संक्रांतीच्या आधी मासेवाल्याने जाळ्यात अडकून मेलेलं एक बदक आणून दिलं. मेजर खुर्ची टाकून काठावर बसले. मी बदक फेकलं, कुत्रा "आण"वर गेला, तोंडात घेतलं, आणि काठाला येऊन कडाकडा चावलं. पिसं उडाली, आतडी बाहेर आली. मला काय झालं कोण जाणे. हातात बाभळीची फोक होती, ती मी त्याच्या पाठीवर ओढली. एक, मग अजून एक. तू माझ्या हातातून फोक हिसकावून घेतलीस. एवढा जोर तुझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. तू ओरडलीस, "मारल्यालं कुत्रं पान्यात जाईल, पर माघारी येनार न्हाई! का यील? सांग, का यील त्ये?" मेजर छडीच्या मुठीकडे बघत राहिले. मी तुझ्याकडे बघत होते आणि तू पाण्याकडे. आपण दोघी कशाबद्दल गप्प होतो ते दोघींना कळलं होतं, आई. तरी घरी जाताना तू वांग्याच्या भावाबद्दल बोललीस.

कुत्रा पुढे शिकला. तू त्याला पिसांच्या गुंडाळीत काटेरी बोरीची डहाळी घालून दिलीस. जोरात धरलं की टोचतं, अलगद धरलं की नाही. पुढचं बदक त्याने असं आणलं की एक पीस वाकडं नव्हतं. मेजर उभे राहिले, गुडघे विसरून. पण त्याच दिवशी दादाने सासरच्यांशी बोलणं पक्कं केलं. पोरीला गाडीत बसवून द्या, मागचं विसरू, असा निरोप आला. तू हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस. माझी पिशवी भरून दिलीस, त्यात तिळाचे लाडू घातलेस.

फाट्यावर आपण तिघं होतो, तू, मी आणि मागेमागे आलेला तो कुत्रा. दादा सायकल घेऊन पलीकडे उभा. लाल गाडी आली, थांबली, दार उघडलं. पिशवी तुझ्या हातात होती. तू म्हणालीस, "बस."

एवढंच. आणि कुत्रा गाडीच्या दारातच फतकल मारून बसला. ड्रायव्हर भोंगा वाजवायला लागला, कंडक्टर ओरडला, "ओ मावशे, कुतरं घ्या की बाजूला! पावणं येतंय का न्हाई?" आतली माणसं हसत होती. मी हसले नाही, हललेही नाही. मला दिसली ती पायरी, आणि तिच्यापुढे बसलेला तो कुत्रा, सांगितलेलं केल्याचा आनंद तोंडावर. मग मी म्हणाले, "नाही येत." गाडी गेली. दादाने सायकल वळवली आणि पुढे कित्येक महिने माझ्याशी बोलला नाही. तू पिशवी काखेत मारलीस आणि म्हणालीस, "गेली तर गेली." घरी येऊन आपण ते लाडू खाल्ले.

त्या कुत्र्याने जन्मात एक शिकार केली नाही. उसात बिबट्या फिरायला लागला तेव्हा तू त्याला बंगल्यावरून आणून रात्री आपल्या घरात घ्यायचीस. म्हातारा होऊन तो तुझ्या चुलीपाशी गेला, मग तूही गेलीस. आपण एका छपराखाली इतकी वर्षं राहिलो आणि मी विचारलं नाही. त्याला तू 'टेक' म्हणायचीस, म्हणजे तो शब्द त्याच्यासाठी नव्हता. मग काय होतं ते, आई? 'गाडीत बस' होतं, की 'आता बस झालं' होतं? तू पिशवी वर देत होतीस, की मागे घेत होतीस? मी सगळ्यांना सांगत आले की माझ्या आईने मला फाट्यावरून परत आणलं. स्टँडवरच्या बायकांना सांगते, रडत गाडीत चढणाऱ्या पोरींना सांगते. सकाळच्या त्या पोरीला मात्र सांगता आलं नाही, तिच्या आईचा हात मला दिसत होता.

गाडी लागली वाटतं, ड्रायव्हर रुमाल झटकतोय. हा कागद मी घडी करून बिल्ल्यामागच्या खिशात ठेवेन आणि पुढच्या धुण्यात त्याचा लगदा होईल, होऊ दे. एक मात्र लिहून टाकते. तू तो शब्द बोललीस तेव्हा तुझं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. मी नुसती मान वळवली असती तर मला कळलं असतं. म्हणून मी कुत्र्याकडे बघत राहिले.