तलाव बोटींचा झाला तेव्हा

माय,

तू गेलीस तेव्हा आपल्या तलावावर बोटी नव्हत्या. कमळं होती, शिंगाडे होते, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून कमळकाकडी उपटणारी तू होतीस. घरी पुरून उरली की साकोलीच्या बाजारात घेऊन बसायचीस. आता ते सगळे वेल पर्यटनवाल्यांनी मशीन लावून काढले, बोटीच्या पंख्यात अडकतात म्हणून. काठावर रिसॉर्ट आहे, मी तिथल्या चुलीवर भाकरी करते. पाहुणे फोटो काढतात, गोड बोलतात. हा पगार नसता तर तुझी नात भंडाऱ्याला नर्सिंग शिकत नसती, हेही खरंच आहे.

पण यंदा परतीचा पाऊस आलाच नाही. धान निसवायच्या, लोंब्या टाकायच्या बेतात आणि धानाच्या बांधीत जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. शेवटी गावातली माणसं तलावाचं तुडुम उघडून खालच्या शेतांत पाणी सोडायला निघाली. सगळ्यात पुढं तुझा जावई. मॅनेजरनं आम्हा स्वयंपाकाच्या बायांना आधीच तलावाच्या पाळीवर, बांधावर तुडुमापुढं आणून उभं केलं होतं. आवाज न चढवता तो म्हणाला, "पाणी उतरलं की बोटी बंद. दिवाळीचं बुकिंग गेलं तर या बायांना मी कामावर कसं ठेवू?"

तुझा जावई माझ्याकडे बघत राहिला. "तू काहून तिकडे उभी हायेस? आपला धान मरून राहिला ना!"

मी काही बोलायच्या आत माझ्या शेजारी उभी असलेली स्वयंपाकाची बाई ओरडली, "अन् माह्या पोरायचं काय? मले कुठं बांधी हाये? मले हाच पगार हाये."

खोटं तीही बोलत नव्हती. मला ती दुपार आठवली. बांधीला पाणी घ्यायची पाळी आपली होती आणि तू ती खालच्या बांधीवाल्या म्हातारीला देऊन टाकलीस. मी रडले तशी डाफरलीस, "आपला धान दोन दिवस थांबते, तिचा मरते. समजत नाही का तुले?" माय, यंदा तलावाच्या पाळीवर कोणाचं थांबण्यासारखं होतं आणि कोणाचं मरणार होतं, मला खरंच कळेना. मी जागची हलले नाही. आपल्याच बायकांना ढकलून पुढं कोण जाणार? माणसं परतली.

बांधी वाळली. दाणा भरलाच नाही, आता कापून गुरांपुढं टाकतो आहोत. तुझा जावई माझ्याकडे न बघता जेवतो आणि उठतो. पावसाळ्यात पर्यटकांसाठी जंगल बंद झालं की रिसॉर्ट आम्हाला घरी बसवतं. तेव्हा निदान कोठीत घरचा तांदूळ असायचा. येत्या पावसाळ्यात तोही नसेल. कोणाला विचारू, कुठं जाऊ, काही सुचत नाही.

हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहवतं आहे. काल सकाळी कामावर जाताना तलावात अजून बोटींपुरतं पाणी दिसलं, आणि माय, मला बरं वाटलं.