नेहमीची ओळ

रत्नागिरी,
शुक्रवार, ता. १२ मे १९३३

प्रिय शिवा,

मी पास झालो. ही बातमी माझगावच्या खोलीवर तुला या पत्राआधीच कळली असेल, कारण आपल्या वाडीची बातमी टपालाची वाट बघत नाही. दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला एलएल.बी. झालेल्या माणसाला कसं वाटतं, असं तू विचारशील. खरं सांगायचं तर झोप येते. काल वाडीतली पाचसहा माणसं हार घेऊन आली. भंडाऱ्यांच्या पोरांतला पहिला वकील म्हणून त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला, गूळपाणी घेतलं आणि आपापल्या जमिनींची गाऱ्हाणी सांगून गेली. मी हारासकट पडवीत बसून राहिलो. शेवटी आईनेच तो काढून तुळशीला घातला. म्हणाली, पास झाल्याचं तोंड असं असतं होय?

सहा वर्षं या एका परीक्षेपायी गेली रे. मुंबईत सकाळची लेक्चरं, दिवसभर पेढीवर कारकुनी, आणि टर्म भरली की इथे येऊन आप्पासाहेब परचुऱ्यांच्या कचेरीत बसायचं. आप्पासाहेबांना तू तुझ्या आईच्या दाव्याच्या वेळी पाहिलं आहेस. तेच, कानात भिकबाळी आणि डोळ्यांत मोतीबिंदू. कायदा पुस्तकात सापडतो, वकिली कागदात सापडते, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले आणि जुन्या खतांचा एक गठ्ठा माझ्यापुढे टाकला. दोन वर्षं मी नकला केल्या. अक्षर वळणदार झालं, पाठीला बाक आला, आणि खतातली भाषा हातात इतकी मुरली की डोकं वापरायची गरजच उरली नाही. आप्पासाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आमच्या हरिश्चंद्राचा कागद मी वाचून बघत नाही. तेव्हा माझी छाती फुगायची.

कातळाच्या सड्यावरच्या त्या जमिनीच्या पट्टीचं भांडण तुला ठाऊकच आहे. तरी मुळापासून लिहितो, कायदा शिकलेल्याला ही खोड लागतेच. तुझे आबा आणि सखारामकाका वेगळे झाले तेव्हा दगडी गडग्यालगतची ती पट्टी कुणाची, हे नीट ठरलंच नाही. तिच्यातली आंब्याची सात कलमं मात्र आबांची, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. जमीन एकाची नि झाडं दुसऱ्याची, याचं आपल्याकडे कुणाला नवल वाटतं? आबांनी तीन उन्हाळे खालच्या विहिरीवरून कावडीने पाणी नेऊन ती कलमं जगवली. आपण दोघं तांबे घेऊन मागून जायचो आणि निम्मं पाणी वाटेतच सांडायचो. पायवाटेजवळचं सातवं कलम माझ्या तांब्यावर जगलं म्हणून आबा त्याला हरीचं कलम म्हणायचे. आबा गेल्यावरही तुझी आई, माझी गोदूकाकी, त्या झाडाचे पहिले आंबे पेंढ्यात घालून मला मुंबईला धाडायची. परीक्षेत नापास झालो त्या दोन्ही वर्षीसुद्धा धाडले.

त्या पट्टीच्या दाव्याच्या तारखांना काकी कंटाळली. दर वेळी उन्हातून चार कोस चालत यायची आणि पुढची तारीख घेऊन परत जायची. शेवटी माघात एकदा कचेरीच्या पायरीवर बसून म्हणाली, "माती घेऊंदे त्याला. झाडां माझी हायत ती हायतच." सखारामकाकाही तयार झाला. आप्पासाहेबांनी तडजोडीचा कागद मला लिहायला दिला. मी पट्टीच्या चारी हद्दी लिहिल्या, आणि पुढे हात आपोआप चालला: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप यांसह. शंभर खतांत उतरवलेली ओळ. पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, सगळं जमिनीबरोबर देऊन टाकणारी. झाडांचा वाद नव्हता म्हणून झाडांबद्दल वेगळं काही लिहावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आप्पासाहेबांनी माझं अक्षर ओळखून सही केली. काकी मात्र त्यांच्यापेक्षा हुशार. अंगठा लावण्याआधी म्हणाली, "हरी, सगळा वाचून दाखव." मी घाईघाईत वाचलं. त्या ओळीवर तिने मला थांबवलं. म्हणाली, "ह्या काय रे, मंत्र म्हटल्यासारखां?" मी म्हटलं, काकी, ते नेहमीचंच असतं. तिने अंगठा लावला. ता. २७ फेब्रुवारीला कोर्टाने त्या कागदाप्रमाणे हुकूमनामा केला.

आता जे लिहितो ते वाचताना रागावशील. रागावच. एप्रिलात मी परीक्षेला मुंबईत आलो होतो. मालमत्तेच्या पेपरात प्रश्न होता, की जमीन दुसऱ्याच्या नावे झाल्यास तिच्यावरच्या झाडांचं काय होतं. पाठ केलेलं उत्तर मी लिहू लागलो: झाडे जमिनीबरोबर जातात, मात्र कागदात तसे नसल्याचे लिहिले असेल तर जात नाहीत. 'मात्र' लिहिताना माझा हात थांबला. तो माघातला कागद, माझं ते वळणदार अक्षर, काकीचा अंगठा, सगळं डोळ्यांपुढे आलं. मग मी उत्तर पुरं केलं, शिवा. त्याला चांगले गुण पडले असणार.

त्याच संध्याकाळी मी तुझ्याकडे जेवायला आलो होतो. तू बांगड्याचं तिखलं केलं होतंस आणि खोलीवरच्या सगळ्यांना सांगत होतास, की आमच्या हरीने आईचा दावा मिटवला, आता आई निवांत बसेल. मी गप्प का म्हणून तू विचारलंस. पेपरने डोकं दुखतंय, असं मी सांगितलं. तू माझ्या कपाळाला अमृतांजन चोळलंस. सांगायचं ते तेव्हा सांगायला हवं होतं. आधी निकाल लागू दे, मग बघू, असं मी मनाशी म्हटलं. सखारामकाका खेडवळ माणूस, त्याला त्या ओळीचा अर्थ कोण सांगणार, असंही म्हटलं. तीन वेळा परीक्षेला बसलेला मी, आणि माझी सगळी भिस्त दुसऱ्याच्या अडाणीपणावर.

अक्षयतृतीया झाल्यावर काकी आंबे उतरायला झेला घेऊन सड्यावर गेली. सखारामकाकाने तिला गडग्यापाशीच अडवलं. त्याच्या वकिलाने त्याला हुकूमनामा नीट समजावून दिला होता. काका आवाज चढवून बोललासुद्धा नाही म्हणे. कोर्टाने दिलं ते मी घेतो वहिनी, एवढंच म्हणाला. साती कलमांचे आंबे यंदा त्याच्या अंगणात उतरले. काकी झेला घेऊन तशीच माझ्याकडे आली. त्या ओळीत झाडं आहेत का, एवढंच तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने झेला भिंतीला टेकवून ठेवला आणि आईकडे पाणी मागितलं.

मी आप्पासाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, चूक तुझी, सही माझी. ओरडले असते तर बरं झालं असतं. उलट त्यांनी मला चहा दिला आणि पुढचं समजावलं. फेरतपासणीचा अर्ज देता येतो, पण त्यासाठी कागद लिहिणाऱ्याने शपथेवर सांगावं लागेल, की ही ओळ पक्षकाराच्या मनात नव्हती, मी ती घातली, आणि विचारल्यावर अर्थ सांगितला नाही. वकिलीच्या सनदेच्या अर्जाला त्यांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतो. अशी शपथ घेतलेल्याला मी काय दाखला देऊ, असं त्यांनी मलाच विचारलं. चाळीस वर्षांची त्यांची वकिली, आणि तिच्यावर माझ्यामुळे हा डाग. ते म्हणाले, हरिश्चंद्रा, गप्प बस, अर्जाची मुदत जाऊ दे, सनद हातात आली की त्या बाईला दुसऱ्या कुठल्या वाटेने मदत कर. त्यांचं बोलणं मला पटावं असं मलाही फार वाटत होतं.

तरी दुसऱ्या दिवशी मी काकीकडे गेलो आणि अर्जाची वाट तिला सांगितली. तिने पहिलं काय विचारलं असेल? "मग तुझ्या वकिलीचां काय?" मी यावेळी काही लपवलं नाही. ऐकून तिने पदर खोचला आणि चुलीकडे वळली. म्हणाली, "वाडीत एक वकील झाला, त्याला मी खाली ओढू? झाडां गेली तर गेली. शिवाला कळवलंस तर माझी शपथ हाय तुला." तीनदा गेलो, तीनदा हेच. आता मी अंगणात शिरलो की ती गुरांना वैरण घालायला उठते. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या सुखाने खाल्ल्या असत्या. माफी मला पचत नाही.

म्हणून तिची शपथ मोडून हे पत्र लिहिलं. पाकिटात दोन कागद आहेत. एक तुझ्या आईच्या नावचा अर्ज, दुसरा माझा जबाब. एलएल.बी. झाल्यावर लिहिलेले माझे हे पहिले कागद, आणि ते माझ्याच विरुद्ध आहेत. मुदत कोर्टाच्या सुट्टीत संपते, म्हणून कोर्ट उघडेल त्या दिवशी, सोमवारी ता. ५ जूनला, अर्ज गेलाच पाहिजे. मंगळवारी गेला तर फुकट. आगबोटी पावसाळ्यापायी या महिन्याअखेर बंद होतील, तेव्हा असशील तसा रजा काढून नीघ. माझ्या सनदेची चिंता करू नकोस, नकला करण्यापुरतं अक्षर मला आहे. काकी माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. तिच्या अंगठ्याआधी अर्ज तूच तिला वाचून दाखव, मी नको. सावकाश वाच, एक ओळ गाळू नकोस. सातही झाडं एकेक करून लिहिली आहेत, कुठलं गडग्यापाशी, कुठलं उतारावर. सातव्यापुढे हरीचं कलम असंच लिहिलं आहे, कोर्टाला हसायचं असेल तर हसू दे. आणि मध्येच थांबवून तिने ह्या काय रे म्हणून विचारलं, तर तिला सांग.

तुझाच,
हरी