विळा, बेचकं, झोळी, शेपूट

नाही आत्या, आज माझं ऐक. दर वेळी तू बोलायचीस आणि मी गप्प बसायचो. आज तू मध्येच तोडत नाहीस, तेच सहन होत नाहीये.

का लिहितोय सांगतो. तू गेल्यापासून तुझा बायकांचा लिहायला-वाचायला शिकायचा वर्ग मी घेतो. तसाच, मारुतीच्या देवळात, दुपारी कांदे निवडून झाले की. काल खेडहून शिक्षण खात्याचे साहेब आले होते, वर्ग ठेवायचा की बंद करायचा ते ठरवायला.

आठवतं? सुट्टीत पुण्याहून आलो की तुला कॉलेजातलं सांगत बसायचो. फार पूर्वी फिनिशियन म्हणून दर्यावर्दी लोक होते. त्यांच्या पहिल्या अक्षराचं नाव बैल, दुसऱ्याचं घर. मग दार, पाणी, डोळा. चित्रं झिजून अक्षरं झाली, नावं तेवढी राहिली. तू चुलीवरनं मान न वळवता म्हणालीस, "त्यांच्याबी बायका नवऱ्याचं नाव घेत नसतील."

मी हसलो. पण तू थट्टा करत नव्हतीस. वर्गातल्या सगुणाबाईचा नवरा, पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलाय तो, गणपत. मग ती 'ग गणपतीचा' कशी म्हणेल? कुणाचा रामा, कुणाचा तुका. अर्धी मुळाक्षरं बायकांच्या ओठांत अडकलेली. म्हणून तू अक्षरांकडे नीट बघितलंस आणि त्यांच्या आकारात दिसतील ती नावं दिलीस. आम्ही लिहिणारी पोरं 'नवं लिहायचं, नवं लिहायचं' म्हणून भांडतो ना, ते हेच गं. सांगायचं राहिलं. एवढी कसली घाई होती तुला?

तर साहेबांनी मुळाक्षरांचा तक्ता टांगला, ग वर छडी ठेवली आणि नेमकं सगुणाबाईला विचारलं. ती खाली बघत राहिली.

"एवढंही येत नाही?"

"मालकाचं नाव हाय सायेब," तिची शेजारीण हौसाबाई म्हणाली. "तुमी कायबी करा, ती न्हाई घ्यायची."

साहेबांनी वर्ग बंद म्हणून लिहायला पेन काढलं. तेवढ्यात सगुणाबाईनं पाटी ओढली. पुटपुटत लिहीत गेली, "विळा, बेचकं, झोळी, शेपूट." आणि पाटी साहेबांपुढे धरली.

गणपत. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं जे कधी उच्चारलं नाही, ते.

साहेबांनी पाटी हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "यातली झोळी कुठली?" हौसाबाईनं प वर बोट ठेवलं. पेन परत खिशात गेलं.

तक्ता मी गुंडाळून ठेवलाय. तुझी नावं बदलणार नाही. नवी बाई आली की आधी तिच्या शेजारणीला विचारीन, हिच्या मालकाचं नाव काय. पहिली तीच अक्षरं शिकवीन.

बायका जमल्यात, हाका मारतायत. तू काही बोलायच्या आत निघतो.

तुझा,
वसंता