मागच्या भिंतीवरचे हात

४ एप्रिल, शुक्रवार

आजही शाळेसाठी मुली शोधत बनारसच्या कडेच्या या मोहल्ल्यात घरोघर फिरले. सगळीकडे पाणी मिळालं, एका घरी तर पेठाही. मुलगी कुठेच नाही मिळाली!

नववीचा वर्ग जवळजवळ रिकामा आहे. जिल्ह्याच्या ऑफिसातून सांगून झालंय – मुली भरल्या नाहीत तर आपली शाळा हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत मर्ज. मर्ज! किती गुळगुळीत शब्द. इथल्या अर्ध्या मुलींना घरचे लोक हायवे ओलांडू देणार नाहीत. त्या घरी बसतील, भांडी घासतील, मग लग्न. ऑफिसात हे सगळ्यांना माहीत आहे. पण कोंबडं झाकून ठेवायचं ठरलंय.

लोकांची मतं आता मला पाठ झालीत. "सरकारी में पढ़ाई कहाँ होला?" "तोहरे इहाँ त पंखो नाहीं चलत." "अंग्रेज़ी मीडियम कब होई?" एका गृहस्थांची मोठी मुलगी आमच्याकडूनच पास होऊन नर्सिंगला गेली. तेही म्हणाले, "ऊ त अपने दिमाग से पढ़ लिहलस." म्हणजे पास झाली तर तिचं डोकं, नापास झाली तर आमची शाळा. वा!

रामजनम बरोबर होता. शिपाई तो, मी मुख्याध्यापिका, पण या गल्ल्यांत माझ्यापेक्षा त्यालाच मान आहे. परत येताना म्हणाला, "मैडमजी, पंखवा त बनवा लेईं." बनवते रे बाबा, आधी वीज तर राहू दे.

७ एप्रिल, सोमवार

लिहू की नको असं झालंय.

नाल्याकडच्या गल्लीत एक बाई दारात बसून काचेचे मणी ओवत होती. शेजारी तिची मुलगी, आठवी पास, डोळ्यांत हुशारी. मी जोत्यावर बसले, शाळेबद्दल बोलले. बाई ऐकत होती. मग सुईवरची नजर न काढता म्हणाली, "ऊ स्कूल में त एक ठे लइकी मर गइल रहल न? डेंगू से. पाछे पानी भरल रहला, ओही क मच्छर."

मी म्हटलं, हो. एक मुलगी गेली.

"ओकर महतारी ओही में मास्टरनी रहल. जान-बूझ के अपने बिटिया के ओहीं पढ़वलस. कइसन महतारी रहल होई!"

रामजनम गल्लीकडे बघायला लागला. मी तिनं दिलेला चहा संपवला. चांगला होता चहा, आलं घातलेला. "सोचकर बताइएगा" म्हटलं आणि उठले. ती महतारी, ती आई मीच – एवढं तोंडातून निघालं नाही.

देवश्री माझी. अडीच वर्षं झाली. दहावीत होती. माझा नवरा, श्रीराम, तिला शहरातल्या कॉन्व्हेंटमध्ये घालणार होता, मीच हट्ट धरला. दुसऱ्यांच्या मुलींना जिथे शिकवते तिथे माझी का नको? स्टाफरूममध्ये सगळे हसले होते. हलवाई आपली मिठाई खात नाही म्हणतात. मी खाऊन दाखवली.

ताप शाळेतल्या डासाचा की घरच्या, की ट्यूशनच्या वाटेवरचा, कोण सांगणार? डॉक्टरही नाही सांगू शकले. पण मोहल्ल्याला माहीत आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही माहीतच असल्यासारखं वाटतं.

१० एप्रिल

श्रीरामनं विचारलं, किती मुली झाल्या? म्हटलं, बघू. मग दोघं जेवलो.

११ एप्रिल, शुक्रवार

आज दहावीच्या मुलींना विचारलं – शाळेबद्दल खरंखरं सांगा, कुणी रागावणार नाही. आधी सगळ्यांची नजर वहीत. मग रुची उठली. तिला गप्प बसणं जमतच नाही. "मैम, कुछ भी बोल सकते हैं? पक्का?"

पक्का म्हटल्यावर बांधच फुटला. बाथरूमला कडी नाही, एकीला दार धरून उभं राहावं लागतं. विज्ञानाच्या मॅडम सारख्या इलेक्शनच्या ड्यूटीवर. प्रयोगशाळेत कुलूप आणि उंदीर. मी मान डोलवत होते, सगळं खरंच होतं. मग कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला – "लेकिन यहाँ दुपहर तक कोई रोटी बनाने को नहीं कहता." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. या पोरींना शाळा म्हणजे एवढंच हवंय?

आणि मग रुचीच म्हणाली, "मैम, दूसरे स्कूल की लड़कियाँ चिढ़ाती हैं. भुतहा स्कूल बोलती हैं. कहती हैं तुम्हारी पीछे वाली दीवार पे मरी हुई लड़की का हाथ है..." बोलता बोलता तिच्या लक्षात आलं. चेहरा पांढराफटक. "सॉरी मैम. सॉरी."

"बैठ जाओ बेटा" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मागच्या व्हरांड्यातली ती भिंत. जुन्या मोठ्या बाईंनी रीत पाडली होती. इथे नवी नवरी सासरी आली की हळदीचा हात भिंतीवर उमटवते – हे घर आता तुझं. बाई म्हणायच्या, लग्नातच का? शाळेत आल्यावर का नाही? तेव्हापासून नववीत नाव घातलं की मुलीचा हात हळदीत, मग भिंतीवर. ऊन येत नाही तिथे, म्हणून टिकलेत. देवश्रीचा खांबाजवळ आहे. करंगळी वाकडी. लहानपणी झोपाळ्यावरून पडली होती, हाड नीट बसलंच नाही. रोज कुलूप लावून निघताना मी तिथे हात टेकवते. रामजनमला माहीत आहे. तो तेवढ्यापुरता किल्ल्या शोधत राहतो.

१९ एप्रिल, शनिवार

पालकसभा झाली. ऑफिसातले साहेब आले होते. पालक इतके येतील असं वाटलं नव्हतं, तक्रार करायला माणसं बरी जमतात!

सगळ्यांना बोलायला दिलं. पंखे, कडी, इंग्रजी, मास्तर कमी. साहेब "नोट कर लिया" म्हणत होते, लिहीत काहीच नव्हते. मग मागच्या भिंतीवर गाडी आली. "ऊ हथवा देख के लइकी डेरालीं." मुली घाबरतात म्हणे. "मनहूस लगता है, साहब." एक जण उभा राहून म्हणाला, "हाथ मिटवा दीजिए, दस घर से लड़की हम भेजवा देंगे." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब माझ्याकडे वळले. "मैडम, रंगरोगन करा लीजिए. शुक्रवार को देखने आऊँगा. माहौल ठीक लगा तो ऊपर लिख देंगे कि स्कूल चलने लायक है."

मी लगेच हो म्हटलं. इतकं पटकन, की माझंच मला नवल वाटलं. एका बाजूला एवढ्या मुलींची शाळा, दुसऱ्या बाजूला हळदीचा एक डाग. हिशेब सोपा आहे. कुणालाही विचारा, सोपाच म्हणेल.

सगळे गेल्यावर रामजनम म्हणाला, "मैडमजी, खंभा के पास वाला छोड़ देईं?"

"सब," मी म्हटलं. एक ठेवला तर तोच भुताचा ठरेल.

२० एप्रिल, रविवार

श्रीरामला सांगितलं. तो बँकेतल्या बढतीच्या परीक्षेचं काहीतरी वाचत होता. पुस्तक मिटलं.

"करंगळी दिसते अजून?"

"दिसते."

"मी नाही बघितला तो हात." ती गेल्यावर त्यानं शाळेत पाऊल टाकलेलं नाही. त्या रस्त्यानं स्कूटरसुद्धा नेत नाही.

मला राहवलं नाही. अडीच वर्षांचं तुंबलेलं बाहेर आलं. म्हटलं, एकदा बोलून टाक ना, माझ्यामुळे गेली म्हणून! मोहल्ला म्हणतो, तूही म्हण. त्यानं पुस्तक बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "लता, तिनं मला एकदा सांगितलं होतं. बाबा, स्कूल एकदम खटारा आहे. पण आपला आहे."

तिचीच भाषा. अर्धी मराठी, अर्धी बनारसी. आवाजच कानात आला.

हे तू मला आज सांगतोस? एवढे दिवस कुठे ठेवलं होतंस? – मी ओरडलेच. तो म्हणाला, "माझ्याजवळ तेवढंच होतं."

मग आम्ही दोघं रडलो. त्याला रडताना मी स्मशानातही पाहिलं नव्हतं.

२३ एप्रिल, बुधवार

ऑफिसचा रंग येईल तेव्हा येईल. रामजनमनं चुना भिजत घातलाय. उद्या सकाळी भिंत.

फोटो काढला. फोटोत नुसता पिवळा डाग दिसतो.

२४ एप्रिल, गुरुवार

काय लिहू! कुठून लिहू!

मी मुद्दाम पुढच्या वर्गात जाऊन बसले होते, दहावीला व्याकरण देत. मागून किंचाळ्या आल्या. रुची धावत आली – "मैम, खून! दीवार से खून!"

गेले. रामजनम कुंचा हातात धरून थिजला होता. ओल्या चुन्याखालून सगळे हात वर आले होते. पिवळे नाहीत, लाल! काल जे पुसट झाले होते तेही उठून दिसत होते, अगदी जुन्या मुलींचेसुद्धा. आणि खांबाजवळ तो, वाकड्या करंगळीचा, कुंकवात बुडवल्यासारखा.

मुली रडत होत्या आणि मला आई आठवली. गंगेवरच्या बालाजी घाटाजवळच्या माझ्या माहेरी, दृष्ट काढायला आई ताम्हनात हळद कालवायची, बोटभर चुना टाकायची आणि पाणी लालभडक व्हायचं. मला म्हणायची, बघ, जादू! मुंजीत, बारशाला, दर वेळी. मराठी घरात वाढलेली मी, हे मला आठवू नये? ऑफिसच्या डिस्टेंपर रंगासाठी थांबले असते तर काही झालं नसतं. पण मला उरकून टाकायचं होतं.

मुलींना समजावलं. हल्दी और चूना, बेटा, बस इतना ही है. काहींना पटलं. पण तोवर कुणीतरी व्हिडिओ काढून पाठवलाही होता. दुपारी गेटवर गर्दी. "मरी लइकी खून के आँसू रोवत हौ." पालक मुलींना घेऊन जायला आले. मी गेटवर ओरडून ओरडून सांगत होते. ऐकतंय कोण?

श्रीरामला फोन केला. म्हटलं, ये, बघ, दिसतोय. तो आला. गेटपर्यंतच. स्कूटर चालूच ठेवली, हेल्मेटही काढलं नाही. माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि परत गेला. मी रागावले नाही. ज्याचं त्यालाच ठाऊक.

२५ एप्रिल, शुक्रवार

साहेब आलेच नाहीत. फोन आला. "मैडम, यह क्या तमाशा लगा रखा है? ऊपर तक वीडियो पहुँच गया है. जुलाई से मर्ज ही समझिए."

मी हळद आणि चुना सांगायला लागले. फोन ठेवून दिला होता.

शाळा वाचवायला भिंत दिली. शाळा गेली, भिंतही लोकांनी भुताची केली. आणि हे सगळं माझ्या हातानं. देवश्री, खरंच कइसन महतारी ग तुझी!

२६ एप्रिल

वर्गात मोजक्या मुली. रुची होती. डबा माझ्यापुढे ठेवून गेली.

२८ एप्रिल, सोमवार

मणी ओवणारी बाई आली, मुलीला घेऊन. व्हरांड्यात उभी राहून भिंत बघत राहिली. "खून नाहीं हौ?"

मी तळहातावर हळद घेतली, त्यात चुना चोळला. लाल. तिनं बोट लावून पाहिलं.

"ई टेढ़ अँगुरी वाला केकर हौ?"

"मेरी बेटी का," मी म्हटलं. "वो महतारी मैं ही हूँ."

तिनं बोट पदराला पुसलं. मग मुलीला पुढे केलं. मी म्हटलं, बहनजी, जुलैपासून ही शाळाच नाही.

"त जुलाइये ले सही." जुलैपर्यंत तर जुलैपर्यंत.

मुलीचं नाव पूर्णिमा. रामजनमला हळद कालवायला सांगितली.