कपाटातल्या डिस्कचा नंबर

सोमवार, ३ मार्च

माझ्या कपाटाला हात लावायचा नाही, हे या घरात किती वेळा सांगायचं! नातीनं आज खालचा खण उघडलाच. वर मलाच म्हणते, "आजी, बाबांची एक जुनी डिस्क होती ना? दे की. मला तपासायला कमी पडतायत."

म्हटलं, दुकानं बंद पडली का?

तिचं कामच तसलं. माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या बापानं, डिस्क तपासायचा एक प्रोग्राम केला होता. डिस्कवर धडाधड कचरा लिहायचा, परत वाचायचा, किती वेळ लागला ते मोजायचं. तिच्यावर आधीचं जे असेल त्याचं वाटोळं! फुकट वाटला त्यानं. जगात कुणीही वापरावा, कुणीही त्यात बोट घालावं. लोक बदल पाठवतात, मालक तपासून घेतो. मुलगा गेला त्याला तीन वर्षं झाली. आता मालकीण ही.

ती डिस्क तो गेला त्या दिवशी मशीनला लावलेली होती. तिच्यात काय आहे मला ठाऊक नाही, बघायचंही नाही. पण पुसू देणार नाही.

बुधवार, ५ मार्च

कोण एक अनोळखी माणूस प्रोग्रामात बदल पाठवतोय. नाव नाही, फोटो नाही, ठावठिकाणा नाही. पोरगी खूश.

"आजी, काय स्वच्छ लिहितो गं! एक ओळ जास्तीची नाही."

"मग लग्न कर त्याच्याशी."

"ऐक तर! डिस्क तापली की चाचणी जरा थांबवायची, अशी सोय केलीये त्यानं."

मुलगा म्हणायचा, आई, मशीनलाही दम खाऊ द्यावा. हे मी तिला बोलले नाही. इथे लिहिते.

शुक्रवार, ७ मार्च

आणखी तीन बदल. सगळे सकाळी सहा दहाला. मुलगा त्याच वेळी चहाचा कप घेऊन कामाला बसायचा. बसत असतील हजार माणसं! मला काय त्याचं.

रविवार, ९ मार्च

पोरगी आता त्या माणसाचं न वाचताच घ्यायला लागलीये. "पहिले चार नीट वाचले, आजी. एवढा हुशार माणूस चुकतोय कशाला?" बापानं एक अक्षर न वाचता घेतलं नसतं. बोलले तसं. तोंड फुगवून बसली.

मंगळवार, ११ मार्च

नेली! मी दाताच्या डॉक्टरकडे गेले आणि पोरीनं खणातून डिस्क नेली. घरी येऊन बघते तर टेबलावर, वायरी लावून तयार. अशी ओरडले की कवळी सुटायची वेळ आली.

पोरगी पांढरीफटक. "आजी, थांब. पुसली नाही. मी चालू केलं, पण प्रोग्रामच नाही म्हणाला."

"नाही म्हणाला म्हणजे?"

"या डिस्कवर लिहिणार नाही म्हणाला."

मग तिनं शोधलं. त्या अनोळख्यानं पाठवलेल्यात, तिनं न वाचता घेतलेल्यात, एक ओळ होती. अमुक नंबरच्या डिस्कवर लिहायचं नाही. प्रत्येक डिस्कचा नंबर वेगळा, आणि सगळ्या जगातला हा एकच नंबर त्यानं वगळलेला.

मला इंग्रजी येत नाही, आकडे येतात. चष्मा लावला. एक बोट पडद्यावर, एक बोट डिस्कवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर. चौदा आकडे. चौदाच्या चौदा तेच.

"कुणाला सांगितलास हा नंबर?"

"मला तरी कुठे माहीत होता, आजी!"

तीन वर्षं ती डिस्क माझ्या जुन्या चादरीखाली होती. पालथी, नंबर खाली.

बुधवार, १२ मार्च

पोरीनं त्याला लिहिलं, तुम्ही कोण? उत्तर नाही. बापाचे जुने कागद, जुनी पत्रं, सगळं उपसलं. नंबर कुठेच नाही. म्हणते, कुणीतरी मस्करी करतंय.

"मस्करीला घरात शिरावं लागतं," मी म्हटलं. मग दोघींनी खिडक्या तपासल्या. या वयात! लाज वाटली.

गुरुवार, १३ मार्च

डिस्क परत खणात. किल्ली माझ्याकडे. पहाटेच जाग आली, पोरीच्या पडद्यासमोर जाऊन बसले. काही आलं नाही. वाट बघत होते असं नाही.

शनिवार, १५ मार्च

आलं. ती नंबरची ओळ त्यानं काढून टाकलीये. आणि मध्येच थांबलेली चाचणी थांबली तिथून पुढे न्यायची, अशी नवी सोय. खाली दोन ओळी. आजवर सगळं इंग्रजीत असायचं, या आपल्या भाषेत. पोरीनं दोनदा वाचून दाखवल्या.

"आईनं वायर उपटली तिथपासून पुढचं पुरं करायचं. करू की नको, तिला विचार."

पोरगी म्हणाली, "कसली वायर? बाबा गेले त्या दिवशी लाईट गेली होती ना?"

लाईट गेली नव्हती. तो खुर्चीत गार झाला होता आणि चाचणी चालूच, ती डिस्क टकटक टकटक करतच होती. मला ऐकवेना. मीच उपटली. आजवर कुणाला सांगितलं नाही.

पोरीनं कीबोर्डला हात लावायचा नाही. विचारलंय मला. उत्तर मी देणार.