मानाचा नारळ

अहो, तुम्ही गेल्यावर मी पुष्कळ वाचलं. लायब्ररीतून आणून, हाताला लागेल ते. लिलाव कसा मांडावा यावरही लोकांनी पुस्तकं लिहिली आहेत. सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात. बोली चढू लागली की माणूस वस्तू विसरतो आणि समोरच्याला हरवायला बघतो, म्हणून थांबायची सोय आधीच करून ठेवावी, असं त्यात आहे. वाचलं आणि बुधवार पेठेतलं आपलं मंडळ आठवलं. आरती झालेली. गणपतीपुढचा मानाचा नारळ तुमच्या हातात, आणि शेजारी शेजारी दुकानं असून एकमेकांशी न बोलणारे ते दोघे भाऊ बोली चढवतायत. लोक मजेत ओरडतायत. धाकट्याची बायको पदराचं टोक पिळत उभी. तुम्ही तिच्याकडे एकदा पाहता आणि नारळ पायरीवर आपटता. "फुटला! आता कसली बोली? न्या एकेक भकल." सगळे हसले, ते दोघेही. मी मात्र घरापर्यंत कुरकुरत आले. "मंडळाचं नुकसान केलंत. नियम म्हणजे नियम." तुम्ही एवढंच म्हणालात, "अगं, नारळ हवा होता कुणाला तिथं?"

यंदा कोथरूडला, आमच्या सोसायटीत, तो लिलाव माझ्याकडे आला. "काकू वाचतात, त्याच नीट करतील." पार्किंगवरून भांडलेले दोघे शेजारी बोलीला भिडले. त्यातल्या तरुणाची नोकरी गेलीय, हे तिथं मला एकटीलाच माहीत होतं. त्याची बायको माझ्या ओट्यापाशी उभी राहून रडली होती. "राहू द्या हो," पलीकडचा म्हणाला, "झेपेल तेवढंच करावं माणसानं." झालं, पोरगा आणखी चढला. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, एक वार, दोन वार. आणि तीन वार. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी ती त्याच नारळाच्या वड्या घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "काकू, तुम्हाला तर माहीत होतं." मी म्हटलं, "अगं, नियम असतो ना." ती आत न येताच गेली. बोलीचे पैसे भरायला त्यानं आता स्कूटर विकायला काढलीय. कमिटीला सांगून त्याला बोलीतून सोडवावं, तर नोकरीचं सगळ्यांना कळणार. पुढच्या वर्षी बोली बंद चिठ्ठीत घ्यावी, सकाळपर्यंत मागे घेता यावी, असं मी सुचवलं. सगळ्यांना पटलं. पण ते पुढच्या वर्षीचं.

हे तुम्हाला पाठवणार कुठं? पण तिला सांगवलं नाही, ते इथं लिहिते. ती बघत होती ते मला दिसलं होतं. तुमची ती पायरीही आठवली होती. नारळ हातातच होता. पण माईकवर माझा आवाज इतका खणखणीत येत होता आणि सगळी सोसायटी ऐकत होती. मला थांबावंसंच वाटलं नाही.