पान्ह्याचा भोंगा

राहुरी,
मार्गशीर्ष वद्य, सन १९४३

तीर्थस्वरूप सौ. सुचित्राताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. त्यातलं शिर तेवढं आज पोचतं करून घे. साष्टांग मागाहून पाठवते, कारण कंबर अजून वाकत नाही आणि मांडीवर चिरंजीव आहेत. तुझा गुडघा काय म्हणतो? सुप्याच्या वाऱ्यानं आप्पासाहेबांचा खोकला वाढला असेल, त्यांना ज्येष्ठमध चघळायला दे. त्यांना पत्र वाचून दाखवायचं असेल तर इथवरच दाखव, पुढचं बायकी आहे. (मागून हळूच वाचतील ते वाचोत.)

तू कार्डावर विचारलंस, बाळ कसं आहे. बाळ कार्डावर मावेल एवढंच आहे गं, त्याची हकीकत मात्र मावत नाही, म्हणून हे लांबण. आठवा लागता लागताच मला नगरच्या दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथं जे जन्माला आलं ते आमच्या मास्तरांच्या पायताणापेक्षा थोडंच लांब होतं. (मास्तर म्हणजे माझेच. शाळेतली पोरं म्हणतात तेच मी म्हणते, नाव घ्यायचं संकट टळतं.) त्याला कापसात गुंडाळून, दोन बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या लावून टोपलीत ठेवलं होतं, अढीत आंबा ठेवतात तसं. अंगाशी लावलं की जरा चाखल्यासारखं करायचं आणि दमून झोपी जायचं. ओढायला जीवच नाही. मग नर्सबाईंनी एक यंत्र आणलं. काचेचा कर्णा, त्याच्या पोटाला दूध साठायला काचेचा फुगा आणि शेपटीला रबराचा चेंडू. चेंडू दाबून कर्णा लावायचा आणि चेंडू हळूहळू सोडायचा. साठेल ते बोंडल्यानं थेंब थेंब बाळाच्या तोंडात.

आधी मी घाबरले, नंतर मात्र बघतच राहिले. मला आपलं वाटायचं, दूध एका भोकातून येत असेल, झारीच्या तोटीसारखं. काचेतून पाहते तो बारीक बारीक धारा, चारी दिशांना! एवढी वर्षं हे अंग घेऊन हिंडतेय आणि आत काय काय बसवून ठेवलंय याचा मला पत्ता नाही. तुला ठाऊक होतं का? मग सांगितलं का नाहीस?

घरी आलो ते खाजाभाईंच्या सर्व्हिस मोटारीतून. आमचे शेजारीच ते, मधे एक भिंत. पेट्रोल लढाईवर गेल्यापासून त्यांची मोटार कोळशावर चालते, आणि त्या दिवशी तर बाळाला गचका बसू नये म्हणून बैलगाडीच्या मागं राहिली. उतारू कुरकुरले तेव्हा खाजाभाई म्हणाले, "वहिनींच्या मांडीवर काचसामान हाय. घाई असंल त्यानं उतरून चालावं." कोणी उतरलं नाही.

घरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न बाळाचा नव्हे, रबराचा निघाला. रबर सोवळ्यात चालतं का? सासूबाईंनी पुष्कळ विचार करून असा निर्णय दिला की उकळलं तर चालावं. नर्सबाईंनी नुसती काच उकळायला सांगितलं होतं. सासूबाईंनी पाप शिल्लक नको म्हणून चेंडूही त्याच पातेल्यात टाकला आणि वरणाला फोडणी देईपर्यंत विसरल्या. निघाला तेव्हा भरल्या वांग्यासारखा झाला होता, हात लावताच फाटला. आणि ताई, या लढाईत रबर कुठून मिळणार? मास्तर गावभर हिंडून हात हलवत आले आणि मला हवेचा दाब म्हणजे काय ते पाटीवर चित्र काढून समजावू लागले. बाळ भुकेनं रडत होतं. रडणं तरी कसलं, दाराची बिजागरी कुरकुरावी तसं. हातानं पिळून बघितलं, सासूबाई समोर बसून डोळे लावून पाहत होत्या, थेंब येईना. "गायसुद्धा परक्यासमोर पान्हा चोरते," असं त्याच म्हणाल्या, पण समोरून हलल्या नाहीत.

दुपारी ती बिजागरीही वाजेनाशी झाली. नुसतं पडून राहिलं. मास्तरांनी पाटी पुसली. तेव्हा सासूबाई उठल्या, बाळ पदराखाली घेतलं, बोंडलं कनवटीला खोचलं आणि मागच्या दारानं बिबीजानकडे गेल्या. खाजाभाईंची बायको ती. तिची रजिया पाळण्यातलीच, गुटगुटीत, पोळ्यातल्या बैलासारखी. रबराला सोवळ्यात घ्यायचं की नाही म्हणून अख्खी सकाळ घालवलेली ही बाई, तिथं जाऊन म्हणाली (मला बिबीजाननंच सांगितलं), "बाई, तुझ्या पोरीचं थोडं याला दे." बिबीजाननं बोंडलं भरून दिलं. बाळ प्यालं, थोडं ओकलं, परत प्यालं. बिबीजान म्हणाली, "आता हा रजियाचा दूधभाऊ झाला बरं का. पुढं दोघांचं लगीन न्हाई लावता यायचं." सासूबाईंनी हे अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो विचार नव्हताच, पण सांगितलंस ते बरं केलंस." मी विचारलं, सासूबाई, सोवळ्याचं काय? त्या म्हणाल्या, "शंका रबराची असते. दुधाची कसली शंका?" आणि कपडे बदलून डाळ निवडायला बसल्या.

संध्याकाळी खाजाभाई आले ते हातात मोटारीचा भोंगा घेऊन. दाबला की पों करतो तोच, नारळाएवढा रबरी. "न्या वहिनी. मी आठ दिस तोंडानं वरडतो." मास्तरांनी तो काचेच्या शेपटीला बसवला. पण त्याची पितळी पिपाणी काढली तर भोंगा काचेवर बसेना, आणि ठेवली तर दर वेळी पों! मग ठरलं की मी कर्णा धरायचा आणि मास्तरांनी माझ्याकडे पाठ करून भोंगा दाबायचा. (हसू नकोस. लग्नात अंतरपाट धरतात तेवढंच अंतर होतं.) पहिला पों झाला. भिंतीपलीकडे रजिया दचकून उठली आणि जी काही किंचाळली! आणि ताई, कर्णा लावायच्या आतच माझं लुगडं भिजलं.

मी थक्क झाले. रडणार बिबीजानची पोरगी आणि पान्हा फुटणार मला? मास्तरांनाही चैन पडेना. हे भोंग्यानं झालं की रडण्यानं? रजियाला तिची आजी बाहेर घेऊन गेली होती तेव्हा आम्ही नुसता भोंगा वाजवून पाहिला. कोरडं ठण. रजिया आपसूक रडली तेव्हा भोंगा हातात नव्हता, तरी पाट वाहिले. म्हणजे रडण्यानंच. मग माझ्या स्वतःच्या बाळाच्या रडण्यानं का नाही? मला वाटतं, ते इतकं हळू रडायचं की माझ्या अंगाला ऐकू जात नव्हतं. मास्तर म्हणाले, याचं शास्त्र असणार. असेल, पण कोणाला विचारायचं?

असे काही दिवस गेले: पों, मग रजियाचा सूर, मग बोंडलंभर दूध. गावाला मात्र एवढंच कळत होतं की मोटारीचा भोंगा मास्तरांच्या घरात वाजतो. परवा सकाळी आम्ही पों केला तर कोपऱ्यावरचे गहिनीनाथ म्हातारबुवा गाठोडं घेऊन ओट्यावर येऊन बसले. नगरला जायचंय म्हणाले. त्यांच्यामागं दोन बायका, एक कोंबड्यांचं खुराडं. सासूबाई समजवायला बाहेर गेल्या, त्यांना जमेना, म्हणून मास्तर धावले, तेही भोंगा हातात घेऊनच! गाठोडेवाल्यांची तर खात्रीच पटली. "भोंगा तुमच्याकडं हाय आनि मोटार न्हाई म्हन्ता?" म्हातारबुवा तावातावानं विचारत होते. "ही काय रीत झाली?" पलीकडे रजियानं सूर लावला होता. आणि आत मी, कर्णा हातात, भोंगा रस्त्यावर आणि दूध वाहतंय. वाया कशाला जावं, म्हणून बाळाचं तोंड धारेखाली धरलं. त्यानं एक थेंब चाटला, दुसरा चाटला, आणि मग डोळे न उघडताच धरलं.

धरलं गं ताई. घट्ट. घुटुक असा आवाज आला. थांबलं. परत घुटुक. मला ओरडून सगळ्यांना बोलवायचं होतं, पण ओरडले तर सोडून देईल, म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेतला. बाहेर मोटारीचं भांडण रंगलं होतं आणि आत मी एकटीच ते घुटुक ऐकत बसले होते. सासूबाई आत आल्या, पाहिलं, आणि बाहेर जाऊन सगळ्यांना दटावलं, "ओरडू नका, जेवतोय तो." खुराड्यासकट सगळे गप्प झाले.

आता तो आपला आपण पितो. भोंगा घासूनपुसून परत गेला आणि खाजाभाईंचा घसा सुंठीच्या काढ्यावर आहे. माझी तब्येत ठीक. तुझ्या गुडघ्याला माझा नमस्कार, आप्पासाहेबांच्या खोकल्याला आशीर्वाद नको.

तुझी धाकटी,
पुष्पावती

ता. क. बाळाचं नाव अजून ठेवलेलं नाही. सासूबाई म्हणत, जरा अंग धरू दे, आधी नाव दिलं की कोणीतरी हाक मारून नेतं. काल त्याच म्हणाल्या, आता ठेवू या. कानात नाव सांगायला त्याला आत्या नाही. तुझी बाळी गेल्यापासून तू कोणाच्या बारशाला गेली नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून तर आधी इतकी पानं हसवत बसले. ये. नाव तूच आण. माझ्या मनात एकही नाही, हा जगेल असं मी धरलंच नव्हतं.

आणखी एक ता. क. ते जमत नसेल तर निदान भांडायला तरी ये. इथं रोज सगळे ठरवतात, नाक मास्तरांचं, कपाळ सासऱ्यांचं, कान सासूबाईंच्या माहेरचे. माझं काहीच नाही म्हणे! आपल्या बाजूनं बोलणारं एक माणूस हवं. मला वाटतं, हनुवटी आपली आहे. पण तू बघून सांग.